बदली मुंबईला: ऑनलाइन भाडेकरार आधी, महारेरा नंतर

नागपूर, कोल्हापूर किंवा लातूरहून मुंबईत बदली झाली की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘भाडं भरून दुसऱ्याचं घर कशाला चालवायचं, तेवढ्यात आपला हप्ता जाईल.’ गावाकडच्या हिशेबाने ते पटतंही. मुंबईत मात्र तेवढ्यात हप्ता जात नाही. एकाच फ्लॅटचं भाडं आणि त्याच फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता यांत इथे दुपटीहून जास्त फरक पडतो, आणि घाईत घेतलेला निर्णय पुढची कित्येक वर्षं पगारातून वसूल होत राहतो.

इथे राज्य सरकारच्या दोन सेवा पारखल्या आहेत. भाड्याच्या वाटेवरची नोंदणी व मुद्रांक विभागाची ऑनलाइन भाडेकरार नोंदणी, आणि विकत घेण्याच्या वाटेवरचं, बिल्डरांच्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेरा प्राधिकरणाचं संकेतस्थळ. दोन्ही कामाच्या आहेत, पण क्रम महत्त्वाचा. आधी नोंदणीकृत करार करून भाड्याने राहा, एक अख्खा पावसाळा काढा, आणि मग विकत घ्यायचं की नाही ते ठरवा.

क्रम असा का, ते आकड्यांतच दिसतं. महापालिका हद्दीतल्या उपनगरात १ कोटी २० लाखांचा वन बीएचके आहे आणि त्याच इमारतीत तसाच फ्लॅट महिना ३० हजारांनी भाड्याने मिळतो, असं धरू. कर्ज ७५ लाखांच्या वर गेलं की बँकेला घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच पैसे देता येतात, ही रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. म्हणजे ९० लाख कर्ज आणि ३० लाख खिशातून. त्यावर मुंबईत ६ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ७ लाख २० हजार, आणि नोंदणी फी १ टक्का असली तरी ती ३० हजारांवर थांबते. मुद्रांक आणि नोंदणीला एवढ्या रकमेच्या कर्जात जागा नसते, त्यामुळे पहिल्याच दिवशी हाताशी साडेसदतीस लाख हवेत. ब्रोकर, रंगकाम, वायरिंग, पंखे हे सगळं अजून बाहेरच आहे.

९० लाखांवर साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली तर हप्ता सुमारे ७८,१०० रुपये बसतो. पहिल्या वर्षी भरलेल्या ९ लाख ३७ हजारांपैकी ७ लाख ५८ हजार नुसतं व्याज असतं. तीन वर्षांत बँकेला २८ लाखांच्या वर रक्कम जाते आणि मुद्दल जेमतेम ५ लाख ९० हजारांनी उतरतं. तीन वर्षांनी दुसऱ्या शहरात बदली झाली तर ८४ लाखांचं कर्ज अजून उभंच असतं.

आता दोन्ही बाजूंचा परत न मिळणारा पैसा मांडू. विकत घेतल्यास पहिल्या वर्षीचं व्याज ७.६ लाख, अडकलेल्या साडेसदतीस लाखांवर ७ टक्क्यांनी बुडालेलं उत्पन्न २.६ लाख, आणि सोसायटीचा मेंटेनन्स महिना ५ हजार धरून ६० हजार. बेरीज १०.८ लाख. भाड्याने राहिल्यास ३.६ लाख भाडं आणि एक महिन्याची दलाली ३० हजार, म्हणजे ३.९ लाख. फरक वर्षाला ६.९ लाख, घराच्या किमतीच्या पावणेसहा टक्के. याचा अर्थ, घराचा भाव दरवर्षी पावणेसहा टक्क्यांनी वाढला तरच विकत घेणारा बरोबरीत येतो. त्यात घर तीन वर्षांतच विकावं लागलं, तर मुद्रांक-नोंदणीचे साडेसात लाख त्या तीन वर्षांवर पसरतात आणि लागणारी वाढ पावणेआठ टक्क्यांच्या वर जाते. दहा वर्षं राहिलात तर तोच बोजा वर्षाला पाऊण लाखावर येतो, दरम्यान भाडं वाढत जातं, व्याज घटत जातं आणि पारडं हळूहळू विकतच्या बाजूला झुकतं.

हे आकडे तुमच्या घराला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण पद्धत लागू होईल. याच फ्लॅटचं भाडं ४५ हजार असेल तर लागणारी वाढ ४ टक्क्यांच्या आसपास येते आणि विकत घेणं तितकंसं अवघड राहत नाही. म्हणून घर बघायला जाताना दोन आकडे विचारायचे: त्याच इमारतीतला अलीकडचा विक्रीचा भाव आणि त्याच इमारतीतलं भाडं. किमतीला वर्षाच्या भाड्याने भागा. वरच्या उदाहरणात उत्तर ३३ येतं. आमच्या मते उत्तर २५ च्या वर असेल आणि मुंबईत किमान सात-आठ वर्षं राहण्याची खात्री नसेल, तर घाई करू नये.

आता पहिली सेवा. महाराष्ट्रात भाडेकरार म्हणजे बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घरात राहण्याची परवानगी. ‘११ महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही, नोटरी पुरेशी आहे’ असं मालक आणि ब्रोकर दोघेही सर्रास सांगतात. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ११ महिन्यांची सवय इतर राज्यांतल्या नियमांतून आली आहे. इथे २४ किंवा ३६ महिन्यांचा करार करायला काहीच हरकत नाही, आणि मुलांची शाळा असेल तर तोच करावा.

खर्चही फार नाही. मुदतीतलं एकूण भाडं, परत न मिळणारी काही रक्कम असल्यास ती, आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. महिना ३० हजार भाडं, १ लाख डिपॉझिट आणि ११ महिने मुदत असेल तर सुमारे ८५० रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये, वर दस्त हाताळणीचं किरकोळ शुल्क. घरी येऊन करार करून देणारे अधिकृत सेवा पुरवठादार आपली फी वेगळी घेतात. त्यांच्याकडून मुद्रांक, नोंदणी आणि त्यांची फी असे तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा. एकच ठोक आकडा सांगितला तर समजा की त्यात काय किती आहे ते तुम्हाला कळणार नाही.

विभागाच्या संकेतस्थळावर भाडेकरारासाठी स्वतंत्र ई-फायलिंग आहे. जिल्हा निवडून पासवर्ड ठेवला की टोकन क्रमांक मिळतो. तो जपून ठेवायचा, कारण अर्धवट भरलेला मसुदा त्यावरच पुन्हा उघडतो. मग मिळकतीचा पत्ता आणि सिटी सर्व्हे क्रमांक, दोन्ही पक्षांचा तपशील, भाडं, डिपॉझिट, मुदत आणि इतर अटी भरायच्या. मसुदा तयार झाला की ऑनलाइन चलनाने शुल्क भरायचं, नंतर फोटो आणि आधारशी जुळणारा अंगठा. मसुदा दाखल केला की दुय्यम निबंधक तो तपासून नोंदवतात आणि सूची दोनसह (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, म्हणजे इंडेक्स टू) प्रत उतरवून घेता येते. कार्यालयात रांग लावावी लागत नाही, मालक पुण्यात आणि भाडेकरू मुंबईत असला तरी दोघांचे अंगठे वेगवेगळ्या ठिकाणी घेता येतात. सरकारी सेवांमध्ये इतकी उपयोगी गोष्ट क्वचित सापडते.

अडतं कुठे, तर बहुतेक वेळा अंगठ्यावर. वयस्क मालकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र पुन्हा पुन्हा नाकारतं. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, दुसरं बोट वापरून बघावं, आणि तरीही जमलं नाही तर आधार केंद्रात बोटांचे ठसे अद्ययावत करून घ्यावेत. दुसरी अडचण नावाची: आधारवर ‘रामचंद्र’, वीजबिलावर ‘आर.’, सूची दोनवर आईवडिलांपैकी कुणाचं नाव. करार ज्याच्या नावावर घर आहे त्याच्याशीच व्हायला हवा, म्हणून मालकाकडून सूची दोन किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आधी बघून घ्या. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघंही पक्षकार. मालक परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र कुणाकडे आहे आणि त्यात भाड्याने देण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे का, ते वाचा. तिसरी अडचण म्हणजे डिपॉझिट कमी दाखवणं. दोन लाख घेऊन करारात पन्नास हजार लिहायला मालक सांगतो, मुद्रांकात ११ महिन्यांच्या करारावर वाचतात जेमतेम ३५ रुपये, आणि घर सोडताना दीड लाखांचा कागदोपत्री पुरावाच राहत नाही. यावर अजिबात तडजोड करू नका, आणि डिपॉझिट बँकेतूनच द्या.

सेवेतली खरी उणीव मसुद्यात आहे. ठरलेला नमुना पुरेसा आहे असं समजून लोक ‘इतर अटी’चा रकाना रिकामा सोडतात, आणि नंतरची भांडणं नेमकी तिथूनच उठतात. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचं आणि ते दोघांनाही बांधील आहे का. नोटीस एक महिन्याची की दोन. डिपॉझिट किल्ली परत दिल्या दिवशीच मिळणार की नंतर. रंगकामाचे पैसे कापायचे का, आणि कापायचे तर किती. मेंटेनन्स भाड्यात धरला आहे की वेगळा. सोसायटी भाड्याने दिलेल्या घरावर जे नॉन-ऑक्युपन्सी शुल्क लावते ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, आणि ते मालकाचं देणं आहे. करारात तसं लिहून घ्या. दरवर्षीची वाढ टक्क्यांत लिहा. वीजमीटर आणि पाइप गॅसचं रीडिंग, पंखे, गिझर, खिडक्यांच्या जाळ्या यांची यादी सोबत जोडा आणि राहायला जाण्याच्या दिवशीच फोटो काढा.

दलालीची रीत मुंबईत एका महिन्याच्या भाड्याची आहे, आणि करार नव्याने होताना ब्रोकर ती पुन्हा मागतो. ११ महिन्यांचे तीन करार म्हणजे तीन वेळा दलाली. ३६ महिन्यांचा एकच करार करण्याचं हे आणखी एक कारण. भाडं महिना ५० हजारांच्या वर असेल तर २ टक्के टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूची असते, याकडेही लक्ष असू द्या. जुन्या करपद्धतीत असाल तर मुंबईसाठी घरभाडे भत्त्याची मर्यादा मूळ पगाराच्या ५० टक्के आहे. नव्या पद्धतीत ही सवलत नाही, म्हणून भाड्याचा हिशेब करताना आपली पद्धत कोणती ते आधी बघा.

हेवी डिपॉझिटबद्दल थोडं सविस्तर. ‘दहा लाख द्या, भाडं नाममात्र’ ही मुंबईतली जुनी चाल आहे आणि ती गावाहून घर विकून आलेल्यांना फार सोयीची वाटते. दहा लाखांवर ७ टक्क्यांनी महिन्याला सुमारे ५,८०० रुपये मिळाले असते. भाडं त्याहून कमी घटत असेल तर तोटा उघड आहे. त्याहून मोठा प्रश्न सुरक्षिततेचा. त्या दहा लाखांना कुठलंही तारण नसतं. मालकाचे हप्ते थकले आणि बँकेने घराचा ताबा घेतला तर आधी बँकेचं देणं, तुम्ही शेवटी. घरावर कर्ज आहे का आणि हप्ते चालू आहेत का, हे विचारल्याशिवाय हेवी डिपॉझिटला हात लावू नका.

भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणं मालकाचं काम आहे, पण ते झालंय याची खात्री तुम्हीच करा. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर त्याचा ऑनलाइन अर्ज आहे. त्याची आणि कराराची प्रत सोसायटीला सामान नेण्याआधी द्या, म्हणजे टेम्पो फाटकावर अडत नाही.

दुसरी सेवा, महारेरा. हे प्राधिकरण १ मे २०१७ पासून काम करतं आहे आणि घर विकत घ्यायचं अजून ठरलं नसलं तरी त्याचं संकेतस्थळ वाचायला आजपासून सुरुवात करावी, कारण वाचायला पैसे लागत नाहीत. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा किंवा आठपेक्षा जास्त घरांचा प्रकल्प नोंदणीशिवाय विकता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे. तो स्कॅन केला की थेट त्या प्रकल्पाचं पान उघडतं.

त्या पानावर लोक नोंदणी क्रमांक बघून थांबतात. खरी माहिती पुढे आहे. मूळ पूर्णत्वाची तारीख आणि सुधारित तारीख शेजारी ठेवून बघा. दोनदा मुदतवाढ घेतलेल्या प्रकल्पात सेल्समन सांगतो ती ताब्याची तारीख तिसऱ्यांदा सरकू शकते. आर्किटेक्ट, इंजिनीअर आणि सीए यांची प्रमाणपत्रं उघडा. आर्किटेक्टने कोणत्या विंगचं कितव्या मजल्यापर्यंत काम झालं ते टक्क्यांत दिलेलं असतं. ते घेऊन जागेवर जा आणि मोजून बघा. जमिनीवरचा बोजा, चालू दावे, मंजूर आराखडा आणि विकल्या गेलेल्या घरांची संख्या हे सगळं तिथेच असतं. चार वर्षं विक्री चालू असून निम्मी घरं पडून असतील, तर भावावर घासाघीस करायला ती जागा आहे.

नियमही ग्राहकाच्या बाजूचे आहेत. विक्रीचा करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. किंमत कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरता येणाऱ्या क्षेत्रफळावरच. ताबा रखडला तर व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क आहे, आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा. तक्रारीची फी ५,००० रुपये.

उणीव वसुलीत आहे. महारेराने पैसे परत करण्याचा आदेश दिला आणि बिल्डरने पाळला नाही, तर वसुलीचं काम जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातं आणि तिथे ते रेंगाळतं. आदेश हातात असूनही पैसे न मिळालेले ग्राहक आहेत. म्हणून या सेवेचा उपयोग पैसे देण्याआधी जितका होतो तितका नंतर होत नाही. दुसरं म्हणजे जुन्या इमारतीतल्या फ्लॅटसाठी हे संकेतस्थळ जवळपास निरुपयोगी आहे. तिथे भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरण्याची महापालिकेची परवानगी), सूची दोनची पूर्ण साखळी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र आणि इमारत ३० वर्षांच्या वरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, एवढं हातात आल्याशिवाय टोकनची रक्कमही देऊ नये. हस्तांतरणासाठी सोसायटीला महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार रुपये प्रीमियम घेता येतो. ‘बिल्डिंग फंड’ नावाने लाख मागितले तर पावती आणि ठराव मागा.

विकत घेण्याच्या खर्चात हद्दीचा फरक विसरला जातो. मुंबईत मुद्रांक ६ टक्के, तर ठाणे महापालिकेत ७ टक्के. स्वस्त भाव बघून मुंबई-ठाणे हद्दीवरचा मुलुंड चेकनाका ओलांडताना हा एक टक्का मिळवा. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो, भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर घेतलं तर नाही. १ कोटी २० लाखांवर हा फरक ६ लाखांचा आहे. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरायचा असतो, आणि तो राहिला की दंड खरेदीदारालाच होतो.

गावचं घर विकून मुंबईत घर घेणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगायची. विकल्याच्या दुसऱ्या दिवशी इथे बुकिंग करायची गरज नाही. भांडवली नफ्यावरचा कर वाचवण्यासाठी तयार घर घ्यायला दोन वर्षं आणि बांधायला तीन वर्षं मिळतात. फक्त विवरणपत्राच्या मुदतीआधी न वापरलेली रक्कम बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. ‘कर लागेल’ या भीतीने बोलणी रेटणारा एजंट ही दोन वर्षांची गोष्ट सांगत नाही. त्या दोन वर्षांत भाड्याच्या घरातून शहर नीट समजून घेता येतं.

थेट विकत घ्यावं अशीही माणसं आहेत. इथेच निवृत्त होणारी, दोघांच्या नोकऱ्या एकाच पट्ट्यात असलेली, हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांच्या आत बसणारी, आणि हप्त्याशिवाय सहा महिन्यांचा खर्च बाजूला असलेली. त्यांनीही तयार, भोगवटा प्रमाणपत्र असलेलं घर घ्यावं, म्हणजे भाडं आणि हप्ता एकाच वेळी भरण्याची पाळी येत नाही.

बाकीच्यांनी पहिला करार असा करावा की जून ते सप्टेंबर त्यात पूर्ण येईल. जिथे घर घ्यायचा विचार आहे त्याच स्टेशनच्या परिसरात राहा. जुलैत भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला की शीव, कुर्ला, हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या आसपास काय होतं ते कुठल्याच सॅम्पल फ्लॅटमध्ये दिसत नाही. गच्चीखालच्या मजल्याच्या छताला ओल, पश्चिमेकडच्या भिंतीतून झिरपणारं पाणी, तळमजल्यावरची तुंबलेली गटारं, वीजमीटरच्या खोलीत साचलेलं पाणी हे सगळं त्या चार महिन्यांतच दिसतं. वॉचमनला टँकर किती वेळा येतो ते विचारा. एप्रिल-मेमध्ये रोज येत असेल तर मेंटेनन्सचा आकडा वाढणारच. सकाळी साडेआठला त्या स्टेशनवरून लोकलमध्ये चढता येतं का, की उलट्या दिशेने एक स्टेशन मागे जाऊन बसून यावं लागतं, तेही सलग दोन आठवडे बघा. विकत घ्यायच्या इमारतीला शेवटची भेट ऑगस्टमधल्या मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी द्या, आणि आधी जिना, पार्किंग आणि पाण्याच्या टाकीची जागा बघून मगच फ्लॅटचं दार उघडायला सांगा.